तांदळातलं नाव

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीही नाही. देवासमोर बसले की मी आपली आरती म्हणते आणि उठते — खरं कुठे बोलते?

देवासला एका दवाखान्यात गरिबांना सरकारी खर्चानं मोफत इलाज मिळतो. त्या खिडकीच्या मागे माझं टेबल. सगळे मला मॅडम म्हणतात. मराठी माणूस म्हणजे जुन्या दरबारी साहेबांचं घराणं, असा इथे लोकांचा समज आहे — आणि तो मला फार गोड लागतो. लागतो तर लागतो!

मंगलामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, विधवा झाल्यावर कन्नौदला मामांकडे राहायची आणि लोकांच्या घरी पोळ्या करायची. हे मी दवाखान्यात कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टरांनी बजावलं. बेबी आहे ना तिथे, असं म्हणून मामांनी तिला पाठवलं. बेबी म्हणजे मीच.

आली ती थेट खिडकीवर. विटकं पातळ, हातात कापडी पिशवी. आणि अडलं कुठे — तर नावावर. आधारवर मंगला, मामांच्या रेशनकार्डात माहेरचं नाव द्वारका. खिडकीवरचा कारकून — इकडे भैयाला भिया म्हणतात — म्हणाला, ये तो दो औरतें हैं. मावशी मोडक्या हिंदीत समजावत होती — लग्नात नाव बदलतं, नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो.

“चावल में?” तो हसला आणि माझ्याकडे वळला. “मॅडम, आप लोगों में ऐसा होता है क्या?”

होतं की! मी स्वतः माहेरची सुषमा, सासरची रेवती. एक ‘हाँ’ म्हणायचं होतं फक्त. पण मग तो विचारणार, तुम्ही यांना ओळखता का? आणि ती सांगणार — ही माझी भाची. त्या पातळात, सगळ्यांदेखत.

“हमारे यहाँ तो नहीं होता, भिया।”

म्हटलं मी. अगदी सहज.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. आता बेबी म्हणून हाक मारते की काय, या धास्तीनं मी — काय सांगू — मान खाली घातली. लहानपणी हिनं माझ्या वेण्या घातल्या होत्या.

“बरं, मॅडम,” ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी भियाला सांगता आलं असतं, चूक झाली म्हणून. त्याच्या पुढच्याही दिवशी. नाही सांगितलं. कोण कशाला स्वतःला खोटं पाडून घेईल? द्वारका आणि मंगला एकच, याचा दाखला मिळवायला मावशी तहसिलीत खेटे घालत राहिली. दाखला मिळाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही.

तेराव्याला कन्नौदला गेले. मामांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “बेबीनं फार धावपळ केली हो तिच्यासाठी. शेवटपर्यंत हेच सांगायची ती सगळ्यांना.”

मी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाले, “मामा, ते तर माझं कर्तव्यच होतं.”