काकीचा हात कोणी धरलान?

नावं बदलली आहेत. बेटाचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात त्या बेटाची काहीच चूक नव्हती. रत्नागिरी मात्र खरी आहे, आणि मीही खरा आहे... दुर्दैवाने.

ह्या ग्रुपवर लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात ते मी गेली कित्येक वर्षं वाचतोय. रत्नागिरीत माझं मेडिकलचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचायचं आणि रात्री बायकोला सांगून हसायचं, हा माझा उद्योग. आमचं मूळ घर पूर्णगडला. देवचार, राखणदार, खाडीतली हाक — लहानपणी सगळं ऐकून झालंय आणि एकावरही कधी विश्वास बसला नाही. आजही बसत नाही असं ठणकावून लिहिणार होतो. पण तसं लिहिलं तर पुढचं काहीच लिहिता येणार नाही, म्हणून राहू दे.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या चार कुटुंबांनी मिळून परदेशी सहल ठरवली. थायलंडच्या आखातातलं एक बेट. किनारे, देवळं, आतली खेडी, सगळं निवांत बघायचं, असा बेत. सोबत माझी काकी होती. सख्खी काकी, सत्तरीच्या पुढची, आमच्यापासून दोन घरं सोडून एकटी राहते. काका बोटीवर नोकरीला होते, अर्ध्या जगाची बंदरं फिरले आणि शेवटी घरीच, खाटेवर, आजाराने गेले. काकी मात्र मुंबईच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिचा मुलगा विजूदादा डोंबिवलीला असतो. 'आई, आता तिकडे एकटी राहू नको, माझ्याकडे ये,' हे त्याचं कायमचं पालुपद. सहलीला पाठवतानाही तो मला फोनवर म्हणाला, "नंदू, तुझ्या भरवशावर सोडतोय हं तिला."

मी म्हटलं, काही काळजी करू नकोस.

बेटावर पोचलो आणि पहिल्याच दिवशी व्हॅनमधून गावातून जाताना काकी म्हणाली, "नंदू, माड, सुपारी, फणस... अरे इमानात बसवून आपल्या पावस गावाला आणलंस काय मला?" व्हॅनभर हशा. पुढे एका वाडीत शिकवलेली माकडं नारळ पाडताना दाखवली, तर ही म्हणते, "आमच्याकडची नुस्ती खातात. ह्यांची कामाला जातात, बघा." देवळात मात्र ती एकदम वेगळी व्हायची. सोन्याचा मुलामा दिलेला भला मोठा बुद्ध, त्याच्यापुढे मांडी घालून बसली की उठायचं नाव नाही. इतक्या वर्षांत मी तिला एवढ्या खुशीत कधी बघितलं नव्हतं.

आता माझ्या शहाणपणाबद्दल. किनाऱ्यावरच्या कोकणी माणसाला भरतीची वेळ कोणाला विचारावी लागत नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. पूर्णगडला शेंबडं पोरसुद्धा हा हिशोब बोटांवर करतं. हॉटेलच्या काउंटरवर भरती-ओहोटीच्या वेळांचा बोर्ड होता. त्याच्यासमोर उभं राहून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्यांना बोर्ड लागतो, आम्हाला लागत नाही." सगळे हसले. बोर्ड मी वाचलाच नाही.

त्या दिवशी आम्ही एका लहानशा देवळाला गेलो. किनाऱ्यापासून आत, समुद्रात, एक खडक. त्यावर देऊळ. पाणी उतरलं की मधे वाळूची पट्टी उघडी पडते, साधारण आमच्या आळीएवढी लांब. तीवरून चालत जायचं. सगळे किनाऱ्यावर घुटमळत होते. मी पुढे झालो. "आज त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाला भरती झाली, म्हणजे चारपर्यंत पाणी उतरणारच. आत्ता तर तीन वाजतायत. चला बिनधास्त."

गेलो. फोटो झाले. बाकीची मंडळी कंटाळून परत फिरली, किनाऱ्यावर शहाळ्याची टपरी होती तिथे बसली. काकी देवळापुढे बसलेली. "उठू काय रे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बस गं आरामात, अजून पाणी उतरतंय." आणि मी बाहेर सावलीत मोबाईल बघत बसलो.

पाणी उतरत नव्हतं. चढत होतं. त्या आखातात दिवसातून बहुधा एकच मोठी भरती येते, तिथीच्या पाऊणपटीशी तिचा काडीचा संबंध नाही. हे मला नंतर कळलं. बोर्डावर वेळ स्पष्ट लिहिलेली होती म्हणे.

बारीक पाऊस सुरू झाला म्हणून मी उठलो, तर पट्टी दिसेना. काकीला उठवलं, तिचा हात धरला आणि निघालो. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत पाणी. आडवी ओढ लागत होती. काकी घाबरली नव्हती. "हळू चल हो, माझे गुडघे," एवढंच म्हणाली. आणि मधेच माझ्या पायाखालची वाळू गेली. पाणी छातीच्या वर आलं, तोंडात खारट घोट गेला.

इथे मी 'हात सुटला' असं लिहू शकतो. हात सुटला नाही. मी सोडला. तिने घट्ट धरला होता, मी हिसडा देऊन सोडवला. मला चांगलं पोहता येतं, हेही मुद्दाम सांगतो. तिला येत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी एकटा आडवा पोहत बाजूच्या खडकांकडे गेलो आणि बांधून ठेवलेल्या होड्यांच्या मागे बाहेर पडलो.

वळून बघितलं नाही. होडीला टेकून धापा टाकत होतो आणि डोक्यात काय चाललं होतं सांगू? 'मोठी लाट आली हो, हातातून हात निसटला...' हे वाक्य मी जुळवत होतो. विजूदादाला फोनवर कसं सांगायचं, आवाज कसा लावायचा, ते. काकी जिवंत आहे की नाही हे बघायच्या आधी माझं निवेदन तयार होतं. लाज ह्या शब्दाचा अर्थ मला तेव्हापासून कळायला लागलाय.

ते वाक्य घेऊन मी टपरीकडे गेलो. तर काकी तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शहाळं पीत होती.

मी काही बोलायच्या आत तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांना म्हणाली, "नंदू होता म्हणून वाचले हो. शेवटपर्यंत हात सोडलान नाय."

मग एकच गलका. कोणी पाठ थोपटली, कोणी मिठी मारली. बायको रडत होती. "आम्ही बघत होतो ना इथून! दोघं हात धरून येत होतात. मी ओरडत होते, पण तुम्हाला ऐकू जाईना. काकींना वाळूवर सोडलंत आणि परत कुठे गेलात? चपला शोधायला?"

मी मान हलवली. त्या क्षणी मला चपला शोधायला गेलेला माणूस होणं फार सोयीचं वाटलं. खरंच माझ्या पायात चपला नव्हत्या.

नंतर माझं लक्ष गेलं. मी केसांपर्यंत ओला. काकी माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, आणि तिचा पंजाबी ड्रेस फक्त गुडघ्यापर्यंत भिजलेला. वरचा भाग पावसाच्या थेंबांनी ओलसर, बस्स. त्याच पाण्यातून, त्याच वेळी...

टपरीवाल्याला खाणाखुणांनी विचारलं, कोणी मदतीला पाण्यात उतरलं होतं का? तो नाही म्हणाला. तेव्हा समुद्रात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मग मनाची समजूत घातली की ती थोडी बाजूने, वाळूच्या उंचवट्यावरून आली असेल. नशीब, दुसरं काय. पण मग हात धरून येणारे दोघं कोण? चार घरांतल्या माणसांनी बघितलेले? रत्नागिरीला परत आल्यावर एकदा कपडे घडी करताना बायको सहज म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही निळ्या शर्टात होतात ना? मला लांबून पांढरा दिसला. पावसात कळलं नसेल." शर्ट निळाच होता. ती पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही.

आळीत मी हिरो झालो. काकी येईल त्याला गोष्ट सांगायची. "सख्खा मुलगा करणार नाय एवढं ह्याने केलंन." विजूदादा फोनवर रडला. सत्यनारायणाच्या पूजेला मंडळाने माझा सत्कार केला हो! शाल, श्रीफळ, आणि माइक हातात देऊन 'नंदूशेठ, दोन शब्द.' माझ्या तोंडातून 'धन्यवाद' बाहेर पडलं आणि मी घाम पुसत खाली बसलो. लोक म्हणाले, बघा किती साधा माणूस. ती शाल कपाटात आहे. कपाट उघडायला नको वाटतं.

सगळ्यात वाईट म्हणजे, विजूदादाने डोंबिवलीचा विषय काढला की काकी ठासून सांगायची, "मला नंदू हाय इथे. तो हात सोडणारा नाय." आणि तो मुकाट्याने ऐकायचा. म्हणजे उद्या ती घरात पडली, रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं, तर तिचा सगळा भार एका खोट्यावर होता. ते मला सहन होईना.

एका दुपारी गेलो. काकी ओट्यावर आमसुलं वाळत घालत होती. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. हात मी सोडला. पळालो. वळून बघितलंसुद्धा नाही.

तिचे हात थांबले नाहीत. "म्हायत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, हात माझाच होता ना? हिसडा मारलास तो मला कळला नसंल काय?"

मी म्हटलं, "मग सगळ्यांना तसं का सांगितलंस?"

"तू तोंड पाडून येत होतास. बायको तुझी बाजूला, आळी सगळी समोर. काय सांगायचं होतं? नंदू पळाला म्हणून?" तिने सुपातली आमसुलं सारखी केली. "आणि मला डोंबिवलीला जायाचं नाय. चौथ्या माळ्यावर बसून काय करू मी? विजूला काय तरी कारण सांगायला पायजे होतं. बरं सापडलं."

"पण काकी... मग तुझा हात कोणी धरला होता?"

आता ती थांबली. तिने उजवा हात उलटासुलटा करून बघितला. "तू सोडलास आणि लगेच धरलान. घट्ट. पाय टेकत होते माझे, वाळू कडक लागत होती. मी खालीच बघत चालले."

"काका होते असं वाटलं तुला?"

"छट्. त्यांचा हात मी ओळखत नाय? तो नव्हता."

"मग वळून बघितलं नाहीस? विचारलं नाहीस?"

"हात देणाऱ्याला कोण रे तू असं विचारतात काय?" ती जरा रागावूनच म्हणाली. "वाळूवर आले तेव्हा हात मोकळा होता. झालं. आता तू विजूला खरं सांगायला जाशील तर तो मला गाडीत घालून नेईल. तेव्हा गप ऱ्हा. आणि संध्याकाळचा येत जा इकडे."

तर मंडळी, असं आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आमच्या देवाने धरला, तिथल्या बुद्धाने धरला, की भीतीने आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांना काही दिसलं, ह्यातलं काहीही छातीठोकपणे सांगायची माझी लायकी नाही. मी होड्यांच्या मागे होतो. तो जो कोणी होता तो माझ्या जागी उभा राहिला आणि नाव माझं लागलं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

काकी अजून गोष्ट सांगते. परवा बँकेत, रांगेत, अनोळखी बाईला सांगत होती आणि मी शेजारी पासबुक धरून उभा होतो.

दुकान नोकरावर सोपवून मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जातो. दिवा लावायला ती तुळशीकडे निघते. ओट्याच्या पायऱ्या उंच आहेत, तिचे गुडघे दुखतात. मी खाली उभा राहून हात पुढे करतो. काकी हसते, आणि भिंतीला धरून उतरते.