मंडईला येईल ते जवळ

बंगळूरला नोकरी लागली तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "किती दूर आहे ते?"

नागपूरहून विमानाने पावणेदोन तास, मी सांगितलं. बाबा लाखांदूरकडचे धानाचे शेतकरी. अंतर त्यांना एसटीच्या प्रवासातच कळतं. "म्हणजे आपल्याले भंडाऱ्याले जाले लागते, त्याच्याहून कमीच," ते म्हणाले. मी घाईघाईने हो म्हटलं आणि किलोमीटरचा विषयच काढला नाही. काढला असता तर नोकरी तिथंच बुडाली असती.

"मंग जा. पन मंडईले येजो. मंडईले आली त जवळ, नाई आली त दूर."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचं लोकनाट्य रंगतं, घरोघर पाहुणे येतात, आणि बाहेर गेलेल्या लेकी त्या दिवशी घरी असाव्याच लागतात. शेजारच्या गावाशी टक्कर नको म्हणून तारीख ऐनवेळी ठरते. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी शहरात राहून जास्तीचं शहाणपण आलेलं. गेल्या वर्षीचा दिवस धरला आणि दोन महिने आधीच जाण्यायेण्याचं तिकीट काढून मोकळी झाले.

गावाने मंडई चार दिवस पुढे नेली. माझी सुटी त्याआधीच संपत होती.

बाबा रागावले नाहीत. बसस्टँडवर सोडायला आले आणि म्हणाले, "दूरच आहे मंग ते." फार लागलं मला ते. रागावले असते तर निदान भांडता आलं असतं.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "तुहे बाबा पाहाटेच निंगाले. तुह्याकडं येऊन राहिले. विमानानं." कापणी अर्धी टाकून, कोणाला न विचारता, या माणसाने लाखांदूरच्या झेरॉक्सच्या दुकानातून तिकीट काढलं होतं. जन्मात विमान त्यांनी पाहिलं ते फक्त वावरातून, वर मान करून.

संध्याकाळी विमानतळाबाहेर आले तेव्हा अंगात लग्नाकार्याचा सदरा आणि हातात मंडईतल्या उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. चेहऱ्यावर गड जिंकल्याचा तोरा.

"भीती नाही वाटली?"

"कायची भीती? बसलो, पानी पेलो, उतरलो."

टॅक्सीत त्यांनी मला शिंगाडे सोलून दिले. घरून निघाल्यापासूनचा दिवस बोटांवर मोजला: चालत फाट्यावर, एसटीची वाट, लाखांदूर, पुढची एसटी, मग नागपूरचा ऑटो. सगळा दिवस त्यातच गेला होता.

"तू खरंच सांगत होती," ते खुशीत म्हणाले. "बंगलोर काई दूर नाई. आपलं गावच लय दूर आहे."

मी पोट धरून हसले. मग बाहेर बघत बसले. हे एक त्यांचं म्हणणं चुकलेलं असतं तर किती बरं झालं असतं.