मास्तरांचा गचका

आमच्या शेजारच्या मास्तरांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं सोसत नाही, असं मी म्हणणार नाही. सोसतं. फक्त तो दुसरा वाजवणारा नसावा, आणि नात्यातला तर मुळीच नसावा.

दिवसा मास्तर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात आणि संध्याकाळी ट्रम्पेट वाजवतात. त्यांची आमची भिंत एकच, त्यामुळे जॅझ मला फुकटात आणि मर्जीविरुद्ध कळलेलं आहे. मास्तरांचं जॅझ म्हणजे जुनं. तरुणपणी कुठूनशी एक वापरलेली रेकॉर्ड आणली आणि त्यातली फुंकर न् फुंकर उतरवून घेतली. तिच्यातला एक सूर इकडचा तिकडे करणं म्हणजे वडिलांच्या फोटोला मिशा काढणं, असं ते म्हणतात. एकदा मी म्हटलं, मला सगळं सारखंच ऐकू येतं. तर म्हणाले, "शेजारीणबाई, तुम्हाला कान आहेत की डूल अडकवायच्या खुंट्या?"

असो. दुखणं वेगळंच होतं. दुखण्याचं नाव मेहुणा.

हा वहिनींचा धाकटा भाऊ. शाळेत असताना यांच्याकडेच राहिला, वाजवायलाही यांच्याकडेच शिकला. मोठा झाल्यावर सॅक्सोफोन घेतला आणि नवं जॅझ सुरू केलं. ते कुठे संपतं हे वाजवणाऱ्यालाही विचारू नये. नदीकाठच्या हॉटेलात शनिवारची संध्याकाळ वर्षानुवर्षं मास्तरांची होती. मालकाने ती उचलून मेहुण्याला दिली आणि मास्तरांना मंगळवार. मंगळवारी तिथे येतात ती नवराबायको, घरी मुलं ऐकतात म्हणून भांडायला.

वर पेपरात मेहुण्याचा फोटो. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं की जुन्याच चालीत मधेच दीड मात्रा गिळून हा पुढच्या ओळीवर उडी घेतो, तेच नव्या जॅझचं धाडस. मास्तरांनी ते खड्या आवाजात वाचलं, पेपर जमिनीवर पसरला आणि ट्रम्पेटच्या नळीत साठलेलं पाणी त्यावर काढलं. बरोब्बर फोटोवर.

"अहो, माझा भाऊ आहे तो!" वहिनी ओरडल्या.

"म्हणून तर. परक्यावर मी पाणी वाया घालवत नाही." मग माझ्याकडे वळून, "धाडस म्हणे! ही उडी रेकॉर्डवरच आहे हो. मी जन्मभर वाजवतोय. जुनाच माल नवा म्हणून विकतोय लेकाचा. येऊ दे रविवारी जेवायला, तोंडावर ऐकवतो."

वहिनी त्या उडीला गचका म्हणायच्या. तो आला की आमच्याही घरात सगळ्यांचा हात क्षणभर थांबायचा, इतकी सवय.

रविवारी मेहुणा आला. "या धाडसवीर," मास्तर म्हणाले.

"दाजी, टोमणे आधी की जेवण आधी?"

"आधी पुरावा."

मास्तरांचा रेकॉर्ड प्लेअर कधीच वारला होता, म्हणून मी माझा फोन पुढे केला. चांगल्या कामात मी मागे राहत नाही. तीच चाल, तेच वाजवणारे. मास्तर डोळे मिटून हवेत बोटं दाबत होते. "आता बघ... आली हं उडी..."

उडी आलीच नाही. ट्रम्पेट आपलं सरळ, एकही पायरी न गाळता जिना उतरलं.

"अगं बाई, गचका कुठे गेला?" वहिनी म्हणाल्या.

"यांचा फोन बिघडलाय," मास्तर म्हणाले.

परत लावलं. परत सरळ.

मेहुणा ताटाकडे बघत म्हणाला, "दाजी, तुमच्या रेकॉर्डवर तिथे ओरखडा होता. सुई उडायची."

"तुला ठाऊक होतं?"

"लहानपणापासून. पण मला तीच जागा सगळ्यात आवडायची."

"मग पेपरवाल्याला माझं नाव का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आमचे दाजी इतकी वर्षं चुकीचं वाजवतायत म्हणून?"

मास्तर त्या दिवशी ताक न पिता उठले. त्यांची पंचाईत मला समजत होती. उडी आपली म्हणावं तर जुन्याचे राखणदार म्हणवणारे हे ओरखड्यावर पहारा देत बसले होते, आणि नाही म्हणावं तर टाळ्या मेहुण्याच्या घरी.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे सरळ वाजवायचा सराव सुरू झाला. ती जागा आली की ओठ आपोआप उडी मारत, मास्तर त्यांना कान धरून मागे आणत. "मूळ आहे तेच खरं," असं स्वतःला बजावत. वहिनी भाजी परतता परतता म्हणाल्या, "बरं झालं. आता गचका एकट्या त्याचाच."

सराव जागीच थांबला.

शनिवारी मास्तर ट्रम्पेट घेऊन हॉटेलात हजर. मीही गेले. असलं काही चुकवायचं असतं का? मेहुण्याने त्यांना हाताला धरून वर घेतलं. तीच चाल. जागा आली, दोघांनी एकदम उडी घेतली. टाळ्या पडल्या, पण सगळ्या माना मेहुण्याकडे. मास्तरांचे कान लाल झालेले मला मागच्या टेबलावरून दिसले.

चाल फिरून आली. आणि मास्तरांनी एक ओळ आधीच उडी मारली! तिथे कुठल्याच रेकॉर्डवर ओरखडा नव्हता. सॅक्सोफोन मागच्या ओळीत एकटाच राहिला, तोंडावर पडला, मग हसत हसत धावत येऊन त्याने ट्रम्पेटला गाठलं. लोकांनी टेबलं बडवली. या वेळी माना मास्तरांकडे.

मालक म्हणाला, "मास्तर, पुढच्या शनिवारी दोघं या."

"मी येतो," मास्तर म्हणाले. "त्याला मंगळवार द्या."

शेवटी दोघांनाही शनिवार मिळाला. पण आता मास्तर खिडक्या लावून सराव करतात आणि मेहुणा जिन्यात दिसला की ट्रम्पेट पेटीत ठेवतात. परवा तो मला विचारत होता, "ताई, दाजींचं हल्ली काय चाललंय हो आत?"

मी सांगितलं नाही. म्हणजे, सगळं नाही सांगितलं.