उनाईसीचा फ्रीजर आणि यांगोनाच्या दोन जुड्या

उनाईसीला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे आमच्या बेटावरच्या सावुसावूच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक माशाचं डोकं फुकट मागतं, ती देते. शेजारची बाई तिच्या छत्रीखाली आपली टोपली सरकवते, ती स्वतः उन्हात सरकते. कुणी पायावर पाय दिला तरी हसून म्हणते, "काही हरकत नाही." तिची तिन्ही मुलं माझ्या वर्गात होती. पालक-सभेला ती सगळ्यात मागे बसायची, आणि शाळेच्या जत्रेत भांडी घासायला कुणी तयार नसलं की तिचंच नाव पुढे यायचं. बाकावरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या पेन्सिली पळवल्या तर मुलंही तेच म्हणायची, काही हरकत नाही. मला फार राग यायचा. पेन्सिली परत आणून देण्याचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडायचं.

तिचा नवरा एरोनी रात्री प्रवाळाच्या कडेला भाला घेऊन मासे मारतो. सकाळी ती ते बाजारात आणते. दुपारपर्यंत खपले नाहीत की बर्फाची पेटी घेऊन व्यापारी येतो आणि मनाला येईल तो भाव सांगतो. त्यालाही ती 'काही हरकत नाही' म्हणते, कारण उन्हात मासा थांबत नाही. म्हणून तिने फ्रीजर घ्यायचं ठरवलं. मासे ठेवायचे, आणि शनिवारी हॉटेलवाले, होडीवाले येतात तेव्हा आपल्या भावाने विकायचे. खेकडे विकून, चटया विणून तिने बाराशे डॉलर साठवले आणि मुख्य रस्त्यावरच्या फ्रिज-टीव्हीच्या दुकानातून पांढरा, पेटीसारखा फ्रीजर आणला. पाद्रीबुवांनी येऊन त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली.

प्रार्थना दोन-तीन आठवडे पुरली. एका सकाळी झाकण उघडलं तर मासे कोमट पाण्यात तरंगत होते. त्या दिवशी अख्ख्या गावाने मासे खाल्ले.

दुकानाची गाडी आली आणि फ्रीजर घेऊन गेली. मग निरोप आला, तुमच्या घरची वीज कमी-जास्त झाली म्हणून यंत्र जळलं, दोष आमचा नाही. पाद्रीबुवांचा फ्रीजर त्याच तारेवर, दहा पावलांवर, मजेत चालू होता, पण हे कोण ऐकणार! फ्रीजरही गेला, पैसेही गेले. उनाईसी दर शुक्रवारी दुकानात जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. शेवटी मी म्हटलं, "या वेळी मी येते."

दुकानाचा मॅनेजर सतेंद्र. तोही माझाच विद्यार्थी. बाप उसाचा शेतकरी, पोरगा गणितात हुशार आणि कवायतीत आळशी. आता पोट सुटलंय, शर्टाच्या खिशात तीन पेनं असतात आणि आवाज लोण्यासारखा.

"या बाई, या! बसा. मावशी, तुम्हीही बसा. काय घेणार, गार काही?"

"पैसे घेणार," मी म्हटलं.

"बाई, तुमच्यापाशी खोटं बोलीन का? माझ्या हातात असतं तर कालच दिले असते. सुवाचं मुख्य ऑफिस आहे ना, ते कागद मागतं. कागद दिला की दुसरा मागतं. मीच कंटाळलोय. पुढच्या शुक्रवारी नक्की. मावशी, माफ करा हं, फार त्रास झाला तुम्हाला."

"काही हरकत नाही," उनाईसी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली जमिनीकडे पाहत होती. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच थांबले. "अगं, हरकत आहे ना? मग आहे म्हण की!"

"तो माफी मागत होता, बाई. माणूस माफी मागतो तेव्हा दुसरं काय म्हणतात?"

जन्मभर व्याकरण शिकवलेली मी छत्री उघडून बाजाराकडे चालू लागले.

पुढच्या शुक्रवारी सतेंद्र जेवायला गेला होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी संगणक बंद होता. त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही दोघी वाट पाहत दुकानात हिंडत होतो, तेव्हा उनाईसी एका फ्रीजरपाशी थांबली. पांढरा, पेटीसारखा, 'खास सवलत' असं लिहिलेला. किमतीचं पुठ्ठ्याचं कार्ड झाकणाच्या मधोमध चिकटवलं होतं. तिने नखाने त्याचा कोपरा उचलला. खाली तपकिरी, गोल गोल वेटोळं होतं. एरोनीने डासांची कॉईल पेटवून झाकणावर ठेवली होती त्याचा डाग.

उनाईसी हसायला लागली. ती हसली की तिचे खांदे हलतात, आवाज मागून येतो. "बाई, बघा! माझा फ्रीजर. एरोनीला मी किती ओरडले होते या डागावरून!"

सतेंद्र कोपऱ्यातून धावत आला आणि कार्ड पुन्हा दाबून बसवू लागला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वर्गात उत्तर चुकलं की अशाच व्हायच्या.

"सतेंद्र," मी म्हटलं, "दोष हिच्या घरच्या विजेचा होता ना? मग तुम्ही दुरुस्त काय केलंत?"

"आतला... एक भाग बदलला, बाई. कंपनीचा भाग. म्हणजे तसा..." दुकानातली चार-पाच गिऱ्हाइकं जवळ सरकली. मग तो हात जोडून म्हणाला, "मावशी, खरंच माफ करा."

मी उनाईसीच्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला. तरी तिच्या तोंडून निघालंच.

शनिवारी दुपारी मी तिच्या घरी नारळ खवायला बसले होते. तेवढ्यात दुकानाची गाडी येऊन थांबली. आम्हा दोघींना एकदम वाटलं, फ्रीजर! पण गाडीतून उतरला तो एक उंच माणूस. कमरेला लुंगीसारखा स्वच्छ सुलू, डोळ्यांवर झकास काळा चष्मा, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाच्या मुळांची जुडी, ती कुटून पाण्यात कालवून पितात. मालाच्या गोदामात नवीन आलेला आपिसाई, लाबासाच्या शाखेतून बदलून आलेला.

उनाईसीच्या हातातला नारळ खाली पडला. "बाई, मेले मी."

मलाही समजलं. सतेंद्र इथेच जन्मला, लहानपणापासून गावकऱ्यांच्या चटयांवर बसला. माफीची यांगोना पुढे ठेवली, समोरच्याने टाळ्या वाजवून ती घेतली, की झाल्या-गेल्यावर माती पडली. पुन्हा तो विषय काढायचा नाही. बाराशे डॉलरसुद्धा त्याच मातीखाली. आणि पुढे ठेवलेली यांगोना घेतली नाही, तर माणसं पुढच्या पिढीपर्यंत नावं ठेवतात. एका जुडीत त्याने सगळं प्रकरण मिटवायला काढलं होतं. गणितात हुशार होताच तो.

एरोनी मागच्या दाराने कसाव्याच्या वाफ्यात गेला. मी पायरीवर सरकले. आपिसाई चटईवर मांडी घालून बसला, जुडी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि खाली मान घालून ठरलेल्या शब्दांत सुरू झाला. आधी या घराला वंदन, या गावच्या वडीलधाऱ्यांना वंदन. मग रीतीप्रमाणे स्वतःचं घराणं आणि स्वतःचं गाव.

गावाचं नाव ऐकताच उनाईसीने मान वर केली.

"कुठलं गाव म्हणालास?"

त्याने पुन्हा सांगितलं.

"अरे चोरा!" उनाईसी ओरडली. "महिनाभर त्या दुकानात माझ्यासमोर खोकी उचलतोस आणि बोलत नाहीस? मी कुठली माहीत आहे का तुला?" तिने आपल्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.

आपिसाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ही दोन गावं एकमेकांची ताऊवू. त्यांचे मूळ पूर्वज नात्यातले, म्हणून आजही त्या गावांची माणसं भेटली की एकमेकांना वाटेल ते बोलतात, एकमेकांचं वाटेल ते उचलतात, आणि रागवायचा हक्क कुणालाच नाही. दुसऱ्या कुणाला नाही म्हणता न येणारी उनाईसी ताऊवू दिसला की ओळखू येत नाही.

ती उठली आणि त्याच्या हातातली जुडी हिसकावली.

"अगं ए खेकडेखाऊ! थांब, माझं बोलणं संपलं नाही अजून!"

"तुझं बोलणं तुझ्यापाशी ठेव. जुडी माझी."

"माझी नाहीये ती! सतेंद्रची आहे!"

"हातात कुणाच्या होती? तुझ्या. तू कोण? माझा ताऊवू. संपलं." तिने त्याच्या डोळ्यांवरचा काळा चष्माही काढला आणि स्वतःच्या नाकावर चढवला. "आणि हे असलं तोंड घेऊन तुमच्या गावचे लोक चष्मे लावतात? डुकराला हार घातल्यासारखं दिसतं."

आपिसाई हसत हसत चटईवर आडवा झाला. माफीचे शब्द अर्धेच राहिले, टाळी वाजलीच नाही, माती पडलीच नाही. एरोनी वाफ्यातून परत आला आणि मुळं कुटायला बसला. संध्याकाळपर्यंत चौघे शेजारी आणि स्वतः आपिसाई, सगळ्यांनी मिळून सतेंद्रची यांगोना पिऊन संपवली.

सोमवारी बाजारात दुसरा विषय नव्हता. भाजीवाल्या, टॅक्सीवाले, बँकेतली मुलगी, जो तो दुकानात डोकावून विचारी, "काय सतेंद्र, पडली का माती?" आठवडाभर त्याने हे सोसलं. मग, असं आपिसाईने सांगितलं, त्याने सुवाला फोन लावला आणि इतका ओरडला की गोदामात ऐकू गेलं. तो डागाळलेला फ्रीजरही त्याच दिवशी विकला गेला.

शनिवारी गाडी पुन्हा आली. या वेळी सतेंद्र स्वतः उतरला, हातात दुसरी, पहिलीपेक्षा जाड जुडी, खिशात पाकीट. मागे आपिसाई, उन्हाने डोळे बारीक करून. उनाईसी त्याचा चष्मा लावूनच दारात उभी होती.

सतेंद्र चटईवर बसला. जुडी खाली ठेवली, पाकीट तिच्या शेजारी. शब्द नीट, न अडखळता बोलला. मला थोडं कौतुकच वाटलं. मग सगळे उनाईसीच्या टाळीची वाट पाहू लागले.

तिने जुडीला हात लावला नाही. पाकीट उचललं, उघडलं, आतल्या नोटा सावकाश पाहिल्या.

"यात साठ कमी आहेत."

"हो मावशी, ते नेण्या-आणण्याचं गाडीभाडं. सुवाचा नियम आहे. पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याशी पुन्हा..."

पुढच्या शुक्रवारी! मी पायरीवर डोळे मिटून घेतले. आता ती म्हणणार. चिमटा काढायला मी फार लांब होते.

उनाईसीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "सतेंद्र, हरकत आहे."

जुडी चटईवर तशीच पडून होती. ती घेतल्याशिवाय सतेंद्रला उठता येत नव्हतं, आणि ती घेत नव्हती. एरोनीने चहा आणला. चहा झाला. उकडलेला दालो, म्हणजे अळूचा कंद, आला, तोही झाला. एका माशीने जुडीवर दोन फेऱ्या मारल्या. शेवटी सतेंद्रने मागचा खिसा चाचपला. त्यात चाळीस निघाले.

"आपिसाई, वीस आहेत का रे?"

"तिला द्यायला? माझा चष्मा तिच्याकडे आहे ना!"

"दे रे बाबा. तुझ्या पगाराच्या दिवशी परत देतो."

"दे दे," उनाईसी म्हणाली, "नाहीतर मी स्वतः खिशात हात घालीन."

वीस आले. उनाईसीने नोटा पाकिटात घातल्या, पाकीट एरोनीकडे दिलं, मग दोन्ही हातांनी जुडी जवळ ओढली आणि ओंजळीचे हात जोडून खोल आवाजाची टाळी वाजवली. सतेंद्रने इतका मोठा श्वास सोडला की त्याच्या खिशातली पेनं हलली. पहिली वाटी त्यालाच दिली.

आता तिच्याकडे लाबासाहून आणलेला फ्रीजर आहे. कॉईल जमिनीवर ठेवायची, असा एरोनीला दम आहे. शनिवारी हॉटेलवाले येतात तेव्हा ती आपला भाव सांगते, आणि तो चष्मा तिच्या नाकावर असतो. दुकानाचा विषय मात्र ती काढत नाही. मी काढला तर ओठांवर बोट ठेवते. माती पडलेलं उकरायचं नसतं, आणि तिने टाळी वाजवली होती.

मी वाजवली नव्हती. मी पायरीवर होते, चटईबाहेर.