स्टेजच्या फळ्यांची गिटार

आबांनी गिटारला शिवी दिली आणि गिटारनं ती जशीच्या तशी परत केली.

धायरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये हे घडलं. आम्ही चौघं होतो. मी, माझे बॉस जोगळेकर सर, आमची क्लायंट प्रज्ञा आणि तिचे वडील आबा. गिटार टेबलावर आडवी होती. तारांना कोणी हातही लावला नव्हता. आबा नुसते तिच्यावर वाकले, मधलं पितळी झाकण त्यांनी ओळखलं आणि ते ओरडले, "आरं मुडद्या, हे तर माझ्या पानाच्या डब्याचं झाकण हाय!"

शेजारच्या अ‍ॅम्पमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून, तेच वाक्य बाहेर आलं. मुडद्यासकट.

"हिनं मला मुडदा म्हणलं?" आबांनी विचारलं.

"तिनं नाही," सर म्हणाले. "हा दोष आहे. आणि तो आमच्या कॉम्रेडचा आहे."

कॉम्रेड म्हणजे मी. गिटार दुरुस्तीच्या धंद्यात हे नाव कसं पडलं, ते सांगते.

प्रज्ञा खराडीला एका आयटी कंपनीत टेस्टर आहे आणि संध्याकाळी एका बँडमध्ये गाते. मांजरी गावातल्या तिच्या वस्तीतलं जुनं सभागृह पाडून नवं बांधलं. जुन्यात एक लाकडी स्टेज होतं. आबांच्या जलसा पार्टीनं आयुष्यभर त्याच्यावर गाणी म्हटली. हॉलच्या कमिटीनं त्या फळ्या भंगारात काढल्या. प्रज्ञानं त्यातल्या दोन वाचवल्या आणि आबांसकट टेम्पोत घालून आमच्याकडे आणल्या.

"याची इलेक्ट्रिक गिटार होईल का? हॉलच्या उद्घाटनाला मला आबांचं गाणं म्हणायचंय. त्यांचा आवाज बसलाय."

"शिवीपुरता हाय अजून," आबा म्हणाले.

सरांनी फळीवर टिचकी मारली. "गिटार तयारही मिळते. दुकानाला दार असतं, आत जाता येतं."

"होईल," मी म्हणाले. "आणि एकही नवी वस्तू न घालता होईल."

ही अट कोणी घातली नव्हती. पण आमच्या घरात कॅलेंडरांपेक्षा मोर्च्यांची पत्रकं जास्त असायची. मला काम सुरू करण्याआधी जाहीरनामा लागतो, म्हणून सर मला कॉम्रेड म्हणतात. मी व्हाइटबोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या गिटारीत नवं काहीही जाणार नाही. जे फेकलं, तेच बोलेल.'

सरांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'तारा?'

मी चहा होईपर्यंत विचार केला. मग लिहिलं, 'तारा अपवाद.'

"घोषणा झाली नाही तोच अपवाद," सर म्हणाले. "तू निवडणुकीला का उभी राहत नाहीस?"

काम मात्र झकास सुरू झालं. फळ्या सागवानी निघाल्या, वर्षानुवर्षं वाळलेल्या. दोन्ही एकमेकींना चिकटवून मी बॉडी कापली. आत मोडलेला एक खिळा होता, त्यानं माझं एक पातं खाल्लं. खिळा काढला, भोक तसंच ठेवलं. वरचे ओरखडेही घासले नाहीत. तिथं माणसं पाय आपटून गायली होती, तिथं पॉलिश मारणारी मी कोण?

नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, गाडीखाली सापडलेल्या एका गिटारचा वाचला होता. तारा पिळायच्या सहा खुंट्या तीन मेलेल्या गिटारींच्या. एकीचं तोंड दुसरीशी जुळत नव्हतं. तारा जिथं टेकतात तो ब्रिज मी स्टेजच्या दुमडत्या पायऱ्यांच्या बिजागरीचा केला. व्हॉल्यूमचं बटण जुन्या रेडिओचं. अ‍ॅम्पसुद्धा सरांच्या अडगळीतला, स्कूटरच्या बॅटरीवर चालणारा. मी इतकी खूश होते की सँडपेपर मारतानाही गात होते. सरांनी कानात बोळे घातले.

राहिला पिकअप. इलेक्ट्रिक गिटारचा हा कान. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर स्टीलची तार थरथरली की खाली वीज थरथरते, तीच अ‍ॅम्पमध्ये जाऊन आवाज होते. चुंबक मी फाटक्या स्पीकरचं घेतलं, तार बंद पडलेल्या डोअरबेलची. वर बसवायला झाकण हवं होतं, ते प्रज्ञानं घरून आणलं. कशाचं ते तिनं सांगितलं नाही.

हा पिकअप शेवटी वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण फटीफटीत शिरून थिजतं आणि आतलं काही हलत नाही. हललं, तर पिकअप तारांचं सोडून आजूबाजूचंच ऐकायला लागतो.

"पॅराफिन आणायला कोणाला पाठवू?" सरांनी विचारलं.

"नवं मेण चालणार नाही."

"बरं. मग मधमाश्यांना फोन लाव."

प्रज्ञानं विहारातल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आणून दिले. वेढे भिजले, पण पानाच्या डब्याचं झाकण खोल होतं. त्याच्याखाली पोकळी राहिली. मेण कमी पडलं आणि माझं तत्त्व जास्त झालं. म्हणून ते झाकण आता कानाच्या पडद्यासारखं थरथरत होतं आणि आबांच्या शिव्या ऐकत होतं.

"अर्ध्या तासाचं काम आहे," सर म्हणाले. "पॅराफिन आण, पोकळी भर."

त्यांचं बरोबर होतं. मी चप्पल घालून निघाले.

"थांब गं," प्रज्ञा म्हणाली. तिनं झाकणाजवळ तोंड नेलं आणि हाळी दिली. खोक्यातून तिचा आवाज आला, जुन्या रेडिओसारखा, नाकातला, पण स्पष्ट. मग मी ओरडले. मग आबा पुन्हा. आम्ही हसून हसून टेबलाला धरून उभे होतो. शेवटी सर इकडेतिकडे बघत वाकले, घसा साफ केला आणि ओरडले, "जोगळेकर! धायरी!"

झाकण तसंच ठेवायचं ठरलं. "मी नको म्हटलं होतं, एवढं लक्षात ठेवा," सर म्हणाले.

निघताना आबांनी प्रज्ञाला बजावलं, "गाणं पुरं झालं पायजे. आमच्या पार्टीत सवालाचं कडवं शेवटी. समोरून उत्तर येईस्तवर झील थांबत नाय." झील म्हणजे मागच्या साथीदारांनी ओळ उचलून धरणं. "त्या कडव्याला कमिटीचा अध्यक्ष घाबरतोय. तो मधीच तोडणार बघ."

उद्घाटनाला मी आणि सर गेलो. साउंडवाल्यानं गिटार पाहिली आणि हात जोडले. "मॅडम, हे फर्निचर मी माझ्या मिक्सरला लावणार नाही." मी त्याला बरंच सुनावलं. तो हलला नाही. मग आमचा बॅटरीवाला अ‍ॅम्प तसाच प्रज्ञाच्या पायाशी ठेवला.

गाणं रंगलं. स्टेजच्या फळ्या खणखणीत वाजत होत्या. आबा आणि त्यांचे तीन म्हातारे साथीदार पहिल्या रांगेतून झील देत होते. पाहुणे, म्हणजे दर निवडणुकीला वस्तीला पाण्याचं वचन देणारे साहेब, मान डोलावत होते. मग शेवटचं कडवं आलं.

"नळ दिसतो दारात, पाणी येईना घरात,
सांगा साहेब, सांगा आता, कुठं मुरलं?"

कमिटीच्या अध्यक्षांनी साउंडवाल्याला खूण केली. तो कचरला. अध्यक्षांनी स्वतः जाऊन मेन स्विचच पाडला. माइक मेला, दिवे गेले, पंखे थांबले.

प्रज्ञानं गिटार उचलली, झाकण तोंडाशी धरलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "कुठं मुरलं?"

पायाशी ठेवलेलं खोकं गरजलं, "कुठं मुरलं?"

 हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या. सगळ्या बायाच झील द्यायला लागल्या, "सांगा, सांगा, कुठं मुरलं?" मी खुर्चीवर चढले होते. शेजारच्या खुर्चीवर जोगळेकर सर होते.

साहेब उठून म्हणाले, "बघतो."

"बघतो हे उत्तर नव्हं!" आबा फाटक्या आवाजात ओरडले. झील परत सुरू. साहेबांनी माइककडे हात केला, माइक बंद. साउंडवाला अजून अंधारात स्विच शोधत होता. प्रज्ञानं गिटार त्यांच्यापुढे धरली.

"जरा मोठ्यानं, साहेब," ती म्हणाली. "झाकणात."

साहेबांनी हॉलकडे पाहिलं. घाम पुसला. मग पानाच्या डब्याच्या झाकणात तोंड घालून ते ओरडले, "महिन्याच्या आत पाणी येईल!"

खोक्यानं ते सगळ्या हॉलला सांगितलं. तेव्हा कुठं झील थांबली.

पाणी आलं. दिवसाआड येतं, पण येतं. आबा अजून झाकण परत मागतात. त्यांची पानं सुकतात म्हणे. मी आता पॅराफिन आणून ठेवलंय, जाहीरनाम्यात तो दुसरा अपवाद. पण मेण तापवण्याआधी सर प्रत्येक क्लायंटला विचारतात, "झाकणाखाली भरायचं, की कोणाला काही विचारायचंय?"

या धंद्यातला धडा साधा आहे. पिकअप पूर्ण मेणात बुडवावा. गप्प बसणारी गिटार हवी असेल तर.