शेजारणीचं ‘पोले’

डार्मश्टाटच्या विद्यार्थी वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत टांझानियाची एक बाई राहायची. माझ्यासारखीच पीएचडी करणारी, पण वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. वर्षभर आमचं बोलणं सामाईक स्वयंपाकघरातल्या ‘हॅलो’च्या पुढे गेलं नव्हतं.

जानेवारीत ट्रामच्या थांब्यावर बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून परत आले, तेव्हा ती भात शिजवत होती. हाताकडे बघून म्हणाली, “पोले. पोले साना.”

मला आधी ‘पोळी’च ऐकू आलं. सकाळपासून उपाशी होते ना! “म्हणजे काय?” मी इंग्रजीत विचारलं.

“स्वाहिलीत म्हणतात. सॉरीसारखं. साना म्हणजे खूप.”

“पण तू कुठे पाडलंस मला?”

ती हसली. “चूक केली म्हणून नाही गं. कुणी ठेचकाळलं, आजारी पडलं, कामावरून दमून आलं, घरातलं कुणी गेलं, सगळ्याला पोले. तुला त्रास होतोय, तो मला कळतोय, एवढंच.”

“मग मी काय म्हणायचं?”

“असांते. थँक्यू.”

“असांते,” म्हणाले आणि तिथेच रडायला लागले. दवाखान्यात तर डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. तिने माझ्यापुढे भाताची ताटली सरकवली.

पुढचे सहा आठवडे रोज सकाळी ती माझी वेणी घालून द्यायची. “तुझे केस फार निसटतात,” अशी कुरकुर करत, पण एक दिवस चुकली नाही.

एप्रिलमध्ये तिचा धाकटा भाऊ गावी अचानक वारला. दफनाला पोचणं तिला शक्य नव्हतं. अशा वेळी काय बोलावं या धास्तीने मी नेहमी लांबच राहत आले होते. मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा तिला साधा फोनही केला नव्हता. या वेळी मात्र दार वाजवलं. “पोले साना,” एवढंच म्हणाले.

तिने पलंगावर सरकून मला जागा दिली. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याबद्दलच बोलत होती. तो गाताना कसा बेसूर व्हायचा, तिची सायकल त्याने कशी तळ्यात घातली होती. सांगता सांगता मध्येच हसायची. मी नुसती ऐकत होते. तिने मला आत घेतलं, याचे उपकार मी अजून मानते.