बरणीतला तुकडा

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस नाही. एक लांबट पत्र्याची शेड आहे, मागच्या बाजूनं पाण्याकडे उघडी. जमिनीवर फायबर घट्ट करणारं रेझिन सांडून सांडून काचेसारखा थर झालेला. भिंतीला टेकलेले लाकडी साचे, कोपऱ्यात फायबरच्या कापडाचे गुंडाळे, खिळ्याला लटकवलेली ब्रशांची जुडी, सगळे ब्रश कडक होऊन गेलेले. खिडकीच्या फळीवर काचेची एक बरणी. घट्ट झाकण, आत पेट्रोल, आणि पेट्रोलात दोऱ्याला लोंबकळणारा फायबरचा एक तुकडा. सकाळचं ऊन नेमकं त्या बरणीवर पडतं. प्रकाशयोजना करणाऱ्यानं जणू तिलाच नायिका ठरवून टाकलंय. मग विंगेतून खोकला ऐकू येतो आणि त्याच्या पाठोपाठ टाकीबुवा प्रवेश करतात.

आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, पण ते कुणाला आठवत नसे. धक्क्यावरच्या सगळ्या लहान बोटींच्या पोटात जी पेट्रोलची टाकी असे, ती बुवांच्या हातची. पत्र्याची टाकी खारट हवेत गंजते, फायबरची गंजत नाही, एवढं ओळखून त्यांनी तरुणपणी हा धंदा धरला आणि त्यातच केस पिकवले. त्यांची पद्धत सगळ्यांहून वेगळी होती. दुसरे कारागीर बोट बांधून झाल्यावर आत टाकी बसवायचे, चार बोल्ट काढले की ती बाहेर यायची. बुवा आधी तळात टाकी घडवायचे, तिच्या कडा बोटीच्याच अंगात मुरवायचे आणि मग वरून डेक चढवायचे. टाकी आणि बोट एकजीव. सांधा नाही, बोल्ट नाही, हलणं नाही, वाजणं नाही.

"उद्या काढायची वेळ आली तर?" असं कुणी विचारलं की बुवा हसायचे. "मुलीला माहेरी आणायचा विचार करून कुणी लग्न लावतं का?"

बोट पाण्यात सोडण्याआधी एक विधी ठरलेला. बुवा गुडघ्यांवर बसायचे, टाकीवरच्या डेकवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि दारावर आलेल्या पाहुण्याच्या आवाजात विचारायचे, "घरात कोण आहे?" टाकी खणखणीत आवाज द्यायची. मग बुवा मालकाकडे वळून म्हणायचे, "आहेत, सगळे आहेत. निवांत झोपा." भोवतीची माणसं दरवेळी हसायची. जुना विनोद होता, पण म्हणणारा तो दरवेळी नव्यानं म्हणायचा, आणि त्यातच तर सगळं असतं.

त्यांची सगळ्यात लाडकी बोट धाकट्या भावाची. दोघांनी मिळून बांधलेली. भाऊ त्या बोटीनं पलीकडच्या काठावरच्या कारखान्यात माणसं ने-आण करायचा. दोन्ही घरच्या चुली त्या एका इंजिनावर पेटायच्या, कारण बुवांच्या छातीनं रेझिनच्या वाफांपुढे हात टेकल्यापासून नवी कामं बंदच झाली होती. "तू बोट चालव, मी खोकत बसतो," असं ते भावाला म्हणत. "कामाची वाटणी झाली."

पंपावर नवीन पेट्रोल आलं त्याचा गाजावाजा झाला नाही. नळीशेजारी एक चिकटपट्टी लागली, इथेनॉल मिसळलंय म्हणून. भावानं ती वाचली आणि टाकी भरून घेतली. गाड्यांना चालतं, तर बोटीला का नाही?

पहिल्यांदा इंजिन सकाळी उशिरा धरायला लागलं. मग मधेच गुदमरायला लागलं. धक्क्यावरच्या मिस्त्रीनं कार्ब्युरेटर उघडला, पुसला, बसवला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं इंजिनच उघडलं आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा काळा चिकट लगदा बोटावर घेऊन तो थेट शेडमध्ये आला.

"बुवा, हे बघ. हे पेट्रोलमधलं नाही. हे तुझं आहे."

"माझं म्हणजे?"

"रेझिन आहे. टाकी विरघळतेय आतून."

बुवांनी त्याच्या बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीकडे हात केला. "ती बरणी दिसते? तो तुकडा त्याच रेझिनचा, त्याच हातचा. माझं लग्न झालं नव्हतं तेव्हापासून पेट्रोलात बुडालाय. नखानं ओरखडून बघ. नाचता येईना अंगण वाकडं, मिस्त्री. इंजिन तुला जमेना, तर टाकी वाईट."

"बुवा, मी भांडायला नाही आलो."

"मग हात पुसून घे आणि जा."

मिस्त्री गेला. इतक्या वर्षांची मैत्री, रोज दुपारचा चहा एकत्र. तो त्या दिवसापासून बंद झाला. मिस्त्री पुढेही येत राहिला असता, पण बुवांनी त्याचा कप वेगळा काढून फळीवर उपडा घालून ठेवला, आणि तो त्याला शेडच्या दारातून दिसला.

बुवांचं निदान ठरलेलं होतं. टाकीत पाणी उतरलंय. आणि पाण्यावर जुन्या लोकांचा उपाय ठरलेला: टाकीत थोडं स्पिरिट ओतायचं. स्पिरिट पाण्याला पोटात घेतं आणि दोघं इंजिनातून जळून जातात. त्यांच्या गुरूनं त्यांना हेच शिकवलं होतं, त्यांनी भावाला. खोकत खोकत ते धक्क्यावर गेले, भावाला बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं बाटली उपडी केली. दोन दिवस इंजिन बरं चाललं. "बघितलंस?" बुवा म्हणाले. मग ते पुन्हा गुदमरलं, तेव्हा त्यांनी आणखी ओतलं. आजार वाढला की औषध वाढवायचं, हे तर कुणालाही कळतं.

"दादा, मिस्त्री म्हणतो तसं एकदा डेक कापून बघू या का?" भाऊ एकदा चाचरत म्हणाला.

"डेक कापला की बोट राहील का? पाठीचा कणा काढून माणूस तपासतात का कधी?"

वडील गेल्यावर भावाला पोहायला, बोट चालवायला, दाढी करायला दादानंच शिकवलं होतं. दादा चुकतो हे वाक्य त्याच्या तोंडात कधी तयारच झालं नव्हतं.

मग एका सकाळी, कारखान्याची पाळी भरायच्या वेळेला, बोट भर पाण्यात बंद पडली. प्रवाह ओढत तिला पुलाच्या खांबांकडे घेऊन निघाला. माणसांनी फळ्या उचलून, हातांनी, टिफिनच्या झाकणांनी पाणी मागे लोटलं. खांबाला बोटीचा काठ घासला, एकाचं मनगट चेंगरलं, आणि मागून आलेल्या दुसऱ्या बोटीनं दोर टाकून तिला ओढून आणलं. कुणी बुडालं नाही. पण दुसऱ्या दिवशी धक्क्यावर भावाच्या बोटीपुढची जागा मोकळी होती. रोजचे लोक पुलावरून, लांबच्या वाटेनं चालत जाताना दिसत होते. एकानं लांबून हात केला, तोसुद्धा ओशाळून.

त्या दिवशी बुवा शेडमध्ये बसून बरणीकडे बघत होते. बायको फळी पुसायला आली. बरणी उचलून, खालची धूळ पुसून, पुन्हा जागेवर ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, यातलं पेट्रोल बदलता का कधी?"

"कशाला बदलायचं? झाकण घट्ट आहे. उडत नाही."

"म्हणजे मी या घरात आले तेव्हाचंच आहे."

"त्याच्याही आधीचं."

ती फडकं हातात धरून उभी राहिली, आणि ते उभं राहणं बुवांना बोलण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आलं. जन्मभर ज्या साक्षीदाराला पुढे करत आलो, त्यानं आजचा गुन्हा पाहिलेलाच नाही. तो बसलाय कालच्या पेट्रोलात, झाकण लावून.

बुवांनी भावाकडून पंपावरचं ताजं पेट्रोल मागवलं. कशाला ते सांगितलं नाही. जुनं ओतून दिलं, नवं भरलं, तुकडा पुन्हा लटकवला आणि झाकण लावलं. मग ते रोज फक्त बघायचे. काही दिवस काहीच झालं नाही. एकदा तर त्यांनी मिस्त्रीचा कप फळीवरून उचलून सुलटा करायला हात नेला होता, त्याला बोलावून तोंडावर पाडायला. मग पेट्रोलचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग त्याहून गडद. तळाशी गाळ बसू लागला. एका सकाळी बुवांनी दोरा वर ओढला तेव्हा तुकड्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. नख सहज आत गेलं. बोटाला काळं चिकटलं. मिस्त्रीच्या बोटावर होतं तेच.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी सगळ्यात शेवटी केली. फळीखालची स्पिरिटची बाटली काढली, झाकण उघडून हुंगली. मग नवं पेट्रोल हुंगलं. पुन्हा बाटली. पंपवाल्यानं पेट्रोलात मिसळलं होतं ते याच जातीचं. जे टाकीला आतून खात होतं, तेच ते बाटली बाटली करून तिला पाजत आले होते. आजाऱ्याच्या तोंडाला आजारच लावला होता, डोकं मांडीवर घेऊन.

ते भावाच्या घरी गेले. उंबऱ्यातच उभे राहून सांगितलं. टाकीचं सांगितलं, स्पिरिटचंही सांगितलं. भाऊ भडकेल म्हणून ते थांबले. भाऊ भडकला नाही.

"दादा, तुला कुठं माहीत होतं," तो म्हणाला. आणि मग आत बायकोकडे वळून, "खुर्ची आण गं, दादा किती वेळ उभा आहे."

शिवी दिली असती तर बुवा ती घेऊन घरी आले असते. या वाक्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

डेक कापायला मिस्त्री आला. बुवांनी बोलावलं नव्हतं, भावानंही नाही. करवत त्यानंच धरली. पातं फिरायला लागलं तेव्हा बुवा जवळ उभे होते. धूळ छातीत जाईल म्हणून सगळे त्यांना लांब व्हायला सांगत होते, ते झाले नाहीत. डेक उचलला. टाकीच्या वरच्या भागाला अजून त्यांच्या हाताची चकाकी होती. तळ मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा. कडा बोटीच्या अंगात मुरलेल्या, म्हणून टाकी सोडवताना बोटीचं अंगही सोलून निघालं. तळाला मोठी भेग गेली. मिस्त्रीनं करवत बंद केली आणि खाली बघत राहिला. सांधा कुठे आहे तेच सापडेना, इतकं काम चांगलं होतं.

"असं काम आता कुणी करत नाही, बुवा," तो म्हणाला.

"बरंय," बुवा म्हणाले.

बोट ओढून शेडमागे आणली आणि ती तिथेच राहिली. भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर हाताखाली राहिला. दोर टाकायचा, लोकांना हात देऊन चढवायचं. धक्क्यावरचे बाकीचे मालक एकेक करून बुवांकडे यायचे, विचारायचे, आमच्या टाकीवर जरा टकटक करून बघता का. बुवा आधी गेले. एका बोटीवर वाजवलं, दुसऱ्या बोटीवर वाजवलं. आवाज कुठे बोदा, कुठे अजून थोडा खणखणीत, म्हणजे आणखी थोडे महिने. सगळीकडे त्यांचाच हात, सगळीकडे डेकखाली पुरलेला. तिसऱ्या बोटीनंतर त्यांनी जाणं सोडलं. कुणी आलं की बायको दारातूनच सांगायची, झोपलेत म्हणून. ते झोपलेले नसायचे.

त्यानंतर ते फार काळ राहिले नाहीत, आणि राहिले तितके दिवस मानेनं आणि हातांच्या खुणांनीच भागवलं. छातीत हवा नव्हती हे खरं. बोलायची इच्छा नव्हती हे त्याहून खरं. बरणी खिडकीतून कुणी काढली नाही. त्यात आता दोराच उरला होता.

तोंडानं बोलले ते शेवटचं एका दुपारी. भाऊ सुटीचा आला होता. मिस्त्रीही होता, त्याचा कप सुलटा, चहानं भरलेला. बुवांना खुर्चीवर बसवून पाण्याच्या बाजूला आणलं होतं. जवळच जुन्या टाकीचा सोलून काढलेला वरचा अर्धा भाग उपडा पडलेला. दादा हसावा, निदान ओठ तरी हलावेत, म्हणून भाऊ गुडघ्यांवर बसला, पेरांनी त्यावर टकटक केली आणि पाहुण्याचा आवाज काढून म्हणाला, "घरात कोण आहे?"

बुवांनी हात पुढे करून त्याची बोटं अलगद टाकीवरून उचलली, आपल्या हातात घेतली.

"वाजवू नकोस," ते म्हणाले. "घरात कोणी नाही."